पोषण आहाराचा चार्ज आलाय? आधी पोती मोजा

जून उजाडला की दोन-तीन फोन ठरलेले असतात, सर माझ्याकडे पोषण आहार, म्हणजे शाळेतल्या मुलांच्या दुपारच्या जेवणाचं काम दिलाय, नक्की काय काय करायचं असतं सांगा ना. आवाजावरूनच कळतं की समोरच्याला पहिलीचा वर्ग दिला असता तरी चाललं असतं पण हे नको होतं. दरवेळी तेच तेच फोनवर सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं टाईप करून ठेवतोय. हे महाराष्ट्रातल्या खेड्यातल्या शाळेसाठी आहे, म्हणजे जिथं तांदूळ पोत्यातून येतो आणि शाळेतच शिजतो तिथं. शहरात सेंट्रल किचनमधून डबे येतात, त्यांचा कारभार वेगळा, तिथं मोजून घेणं आणि चव बघणं एवढंच तुमच्याकडे राहतं.

पहिली गोष्ट, चार्ज यादीवर सही करायची घाई करू नका. मी केली होती. जुन्या सरांची बदली झालेली, ट्रक सामान घेऊन उभा, ते म्हणाले तांदूळ सात पोती आहे, मी खोलीच्या दारातनं बघितलं, सात पोती दिसली, सही ठोकली. ऑगस्टमध्ये केंद्रप्रमुखांनी काटा लावला तेव्हा कळलं की मागच्या रांगेतलं एक पोतं अर्ध्याच्या खाली आणि एकात नुसता झाडलेला तांदूळ, असं मिळून ३८ किलो कमी, आणि कागदावर तो ३८ किलो माझ्या नावावर. ते निस्तरायला मला दिवाळी उजाडली. त्यामुळे पोती मोजू नका, वजन करा, प्रत्येक पोतं. डाळ, कडधान्य, तेलाच्या पिशव्या, मसाल्याचे पुडे, मीठ सगळं त्या दिवशी जेवढं आहे तेवढंच यादीत लिहायचं आणि रजिस्टरची शिल्लक वेगळी निघत असेल तर दोन्ही आकडे लिहून दोघांच्या सह्या घ्यायच्या. जुने सर नाराज होतील, होऊ द्या. सोबत गॅसच्या टाक्या किती, शेगडी चालू आहे का, रोज किती मुलं जेवली ते भरायच्या सरकारी पोर्टलचा पासवर्ड काय आणि ओटीपी कुणाच्या मोबाईलवर जातो हे पण विचारून घ्या, कारण बदलून गेलेल्या माणसाच्या नंबरवर ओटीपी जात राहतो आणि आपण रोज त्याला फोन करत बसतो.

आता पैसा कुठून कसा येतो ते बघू, कारण हे कळलं नाही तर बाकीचं सगळं पाठांतर वाटतं. योजना सुरू झाली १५ ऑगस्ट १९९५ ला, तेव्हा शिजवून नव्हती, महिन्याला ३ किलो तांदूळ घरी द्यायचे, हजेरी ८० टक्के असली तर. जुन्या पालकांना अजून आठवतं ते. मग २८ नोव्हेंबर २००१ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की शिजवलेलं गरम जेवणच द्यायचं, आणि तिथनं खिचडी आली. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने ते मुलांच्या हक्काचं झालं, २०१५ मध्ये त्याचे नियम निघाले आणि २०२१ पासून योजनेचं नाव पीएम पोषण, पण गावात आणि ऑफिसात अजूनही शालेय पोषण आहार किंवा सरळ खिचडीच म्हणतात. पहिली ते आठवी, सरकारी आणि अनुदानित शाळा, आणि सरकारी शाळांना जोडलेली बालवाटिका असेल तर तीही. कायद्यात आहे म्हणजे काय हे नीट लक्षात घ्या, आपण मुलांवर उपकार करत नाही, सुट्टी सोडून शाळेच्या प्रत्येक दिवशी ते जेवण त्यांना मिळालंच पाहिजे, आणि नाही मिळालं तर त्याचा भत्ता द्यावा लागतो, त्याचं पुढे सांगतो.

तांदूळ पूर्ण केंद्राचा, एफसीआयच्या (भारतीय अन्न महामंडळाच्या) गोदामातून, फुकट. बाकीच्या सामानाचा खर्च म्हणजे डाळ, भाजी, तेल, मीठमसाला, इंधन, याचा दर प्रत्येक मुलामागे दर दिवशी ठरलेला असतो आणि तो केंद्र-राज्य ६०-४० वाटून घेतात. १ डिसेंबर २०२४ ला तो पाचवीपर्यंत ६.१९ रुपये आणि सहावी ते आठवी ९.२९ झाला, मग १ मे २०२५ पासून ६.७८ आणि १०.१७. नवीन जीआर (शासन निर्णय) आला की भिंतीवरचा तक्ता त्याच दिवशी बदलायचा, मी कितीतरी शाळांत दोन-दोन वर्षं जुना तक्ता बघितलाय आणि बिलं त्याच दराने केलेली.

पण सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो इथंच, नवीन माणूस ६.७८ गुणिले पट करतो आणि म्हणतो एवढे पैसे खात्यात कुठं आले? येत नाहीत. आपल्याकडे ग्रामीण भागात डाळ, कडधान्य, तेल, मसाले, मीठ हा धान्यादी माल ठेकेदाराकडून वस्तू म्हणून येतो, त्याचे पैसे वरच्यावर जातात, शाळेकडे येतो तो फक्त भाजीपाला आणि इंधनाचा भाग. पालक मीटिंगमध्ये कुणीतरी हमखास उठतो, गुरुजी एका पोरामागं सात रुपये येत्यात, जातात कुठं? तेव्हा हे सांगता आलं पाहिजे, नाहीतर गावभर वेगळीच चर्चा.

आता माप. पाचवीपर्यंत एका मुलाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल, यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रोटीन मिळायला पाहिजे. सहावी ते आठवी सगळं दीडपट, १५० ग्रॅम तांदूळ, ३० डाळ, ७५ भाजी, साडेसात तेल, आणि कॅलरी ७००, प्रोटीन २०. समजा आज खालच्या वर्गातली ६२ आणि वरच्या वर्गातली ४१ मुलं जेवणार आहेत. तांदूळ खालच्यांना ६.२ किलो आणि वरच्यांना ६.१५, म्हणजे १२ किलो ३५० ग्रॅम. डाळ २ किलो ४७० ग्रॅम. भाजी साधारण ६ किलो १७५ ग्रॅम, तेल ६१७ ग्रॅमच्या आसपास. पैशात धरलं तर ४२० रुपये ३६ पैसे अधिक ४१६ रुपये ९७ पैसे, एकूण ८३७ रुपये ३३ पैसे, त्यातले केंद्राचे ५०२ च्या वर थोडे आणि राज्याचे ३३५ ला थोडे कमी. बघा, वरची मुलं २१ ने कमी असून खर्च जवळजवळ सारखाच आहे, म्हणून दोन्ही गटांची हजेरी वेगवेगळी लिहायची, एकत्र १०३ लिहून मोकळं व्हायचं नाही. पाचवीतलं पोर सहावीत गेलं की त्याचं माप बदलतं, आणि जूनमध्ये वर्ग बदलताना पोर्टलवर पट बदलायचा राहिला तर वर्षभर हिशोब जुळत नाही.

हे ग्रॅमचं गणित स्वयंपाक करणाऱ्या ताईंना सांगून उपयोग नाही, त्यांना भांडं द्या. आम्ही काय केलं, एक स्टीलचा डबा घेतला, त्यात काट्यावर तांदूळ भरून बरोबर १ किलोची रेघ मारली, नेलपॉलिशने, आतून. डाळीला वेगळी वाटी, तिच्यात गच्च भरून २०० ग्रॅम बसते म्हणजे दहा लहान पोरांची डाळ. हे एकदा केलं की ना त्यांना विचारावं लागतं ना आपल्याला उभं राहावं लागतं.

माल उतरताना

ट्रक येतो तेव्हा तुम्ही वर्गात असता, ड्रायव्हर घाईत असतो, अजून पाच शाळा करायच्यात म्हणतो, आणि चलन पुढं करतो. सर सगळ्यांनी केली सही. करू द्या सगळ्यांना. पोरांना पाढे लिहायला सांगा आणि बाहेर या, काटा लावा. प्रत्येक पोत्याचं वजन, बारदानाचं वजन वजा करून, जेवढं भरलं तेवढंच चलनाच्या सगळ्या प्रतींवर स्वतःच्या हाताने लिहायचं, कमी असेल तर कमी. चलनावर जागा नाही म्हणाला तर मागच्या बाजूला लिहा. फोटो काढा, काट्याचा आकडा दिसेल असा. तेलाच्या पिशव्या आणि मसाल्याच्या पुड्यांवर तारीख बघा, ॲगमार्क बघा. डाळीत हात घालून खालपर्यंत बघा, वरचा थर नेहमीच चांगला असतो. किडलेला, ओलसर, वास येणारा माल घ्यायचाच नाही, परत पाठवायचा, आणि का परत पाठवला ते त्याच दिवशी तालुक्याला पोषण आहार अधीक्षकांना लेखी कळवायचं. एकदा उतरवून घेतला की तो तुमचा.

तांदळाचं अजून एक. येणारा तांदूळ फोर्टिफाइड असू शकतो, त्यात १०० किलोला १ किलो या हिशोबाने लोह, फॉलिक ॲसिड, बी १२ घातलेले दाणे मिसळलेले असतात, ते तांदळाच्याच पिठापासून केलेले असतात पण दिसायला जरा वेगळे, पिवळट पांढरे, आणि धुताना काही वर तरंगतात. पहिल्यांदा आले तेव्हा आमच्या ताईंनी ते वेचून वेचून पदराच्या टोकाला बांधून आणले, सर हे बघा प्लास्टिक आलंय. दुपारपर्यंत गावात झालं की शाळेत प्लास्टिकचा तांदूळ शिजतोय, संध्याकाळी दोन पालक दारात. तेव्हा मी मूठभर दाणे घेतले, वाटीत कोमट पाण्यात ठेवले, थोड्या वेळाने बोटाने दाबून दाखवले, चुरा होतो, पीठ होतं, प्लास्टिक असं होत नाही. तेवढ्यावर मिटलं. तुम्ही वाट बघू नका, पहिल्याच पालक सभेत हे करून दाखवा. आणि ताईंना सांगा की वेचून टाकायचे नाहीत, फार चोळून धुवायचा नाही, त्यात जे घातलंय तेच तर पोटात जायला पाहिजे.

साठवण म्हणजे भिंतीपासून लांब, खाली लाकडी पाट किंवा विटांवर फळ्या, जुना माल पुढे आणि नवीन मागे. महिनाभराचा तांदूळ शिल्लक असावा असा नियम आहे पण पावसाळ्यात त्याच्या वर साठा झाला की टोके आणि जाळी ठरलेली. कीड लागली म्हणून कुठलीही पावडर, गोळ्या, शेतातलं औषध त्या खोलीत न्यायचं नाही, कडुनिंबाचा पाला टाका, ऊन दाखवा, चाळा. बिहारमध्ये सारण जिल्ह्यात जुलै २०१३ मध्ये २३ मुलं गेली, जेवणाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक होतं. आपल्याकडे कापसावर मारायचे ते हेच औषध. तेव्हापासून मी रिकामा डबा कुणाचा का असेना स्वयंपाकघरात येऊ देत नाही, तेल मूळ पिशवीतून थेट कढईत. कोणी म्हणतं सर जास्तच करता तुम्ही, म्हणू दे.

रोजचा क्रम

हजेरी झाली की लगेच आकडा ताईंकडे, त्यानंतरच तांदूळ काढायचा. काही ठिकाणी ताई सकाळी येऊन अंदाजाने काढतात, कालच्यासारखंच म्हणून, आणि बाजाराच्या दिवशी पोरं कमी येतात मग उरतं, उरलेलं कुठं जातं ते विचारू नका. तांदूळ काढताना साठा रजिस्टरला तेव्हाच लिहा. शिजलं की वाढायच्या अर्धा तास आधी चव, दोन-तीन मोठ्या माणसांनी, त्यात एक शिक्षक पाहिजेच, आणि चव रजिस्टरला वेळ टाकून सही. एखादा पालक किंवा आई आली तर उत्तम, त्यांचं मत त्यांच्याच शब्दात लिहू द्या, एका आजीने आमच्या रजिस्टरला लिहिलंय मीठ कमी पण डाळ बरी आहे, तपासणीला आलेल्या साहेबांना तेवढंच एक वाक्य खरं वाटलं असं ते म्हणाले, कारण बाकी पानभर उत्तम, उत्तम, उत्तम. रोज शिजलेल्यातलं थोडं झाकणाच्या स्वच्छ डब्यात बाजूला काढून २४ तास ठेवायचं, दुसऱ्या दिवशी टाकून डबा धुवायचा. हे काम कंटाळवाणं वाटतं पण काही झालं तर तुमच्या बाजूने बोलणारा तो एकच डबा असतो.

मग पोर्टल. त्याच दिवशी ॲपमध्ये किती जेवले ते भरायचं, रेंज नसेल तर गावच्या टेकाडावर जाऊन भरा पण भरा. तीन ठिकाणचे आकडे एकच पाहिजेत, वर्गाची हजेरी, आहाराचं रजिस्टर आणि पोर्टल. माझ्या बघण्यातल्या जेवढ्या वसुल्या निघाल्या त्यातल्या बहुतेक चोरीच्या नव्हत्या, या तीन आकड्यांच्या होत्या. सर आठवड्याचं एकदम शनिवारी भरतात, अंदाजाने ६५, ६६, ६५, आणि बुधवारी गावात मयत झालेली असते म्हणून वर्गाच्या हजेरीत ३० च पोरं. झालं, ३५ पोरांचा आहार खाल्ला कुणी? आणि उलटं पण होतं, भरायचंच राहिलं तर तो दिवस शून्य धरला जातो, बिल कमी निघतं, आणि त्याच्या पुढची गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही, पुढच्या वर्षी राज्याला किती मुलांसाठी निधी मंजूर करायचा हे दिल्लीत प्रकल्प मंजुरी मंडळ ठरवतं ते मागच्या वर्षी प्रत्यक्ष किती मुलं जेवली त्या सरासरीवरून. म्हणजे तुम्ही आळसाने सोडलेले दिवस पुढच्या वर्षीच्या हिशोबात पोरं कमी करतात. सुट्टी असेल, जेवण झालं नसेल तरी कारणासकट भरायचं, कोरं सोडायचं नाही.

ताईंचं

स्वयंपाकी आणि मदतनीस किती ठेवायच्या हे पटावर आहे, २५ पर्यंत एक, २६ ते १०० दोन, पुढे प्रत्येक शंभरामागे एक. म्हणजे पट १०१ झाला की तीन, आणि एक पोरगी ऊसतोडीला आई-बापाबरोबर गेली, पट १०० वर आला, की तिसऱ्या ताईची नोकरी टांगणीला. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरला यूडायसमध्ये, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी नोंदणीत, पट भरताना डोळ्यात तेल घालून भरा. केंद्राच्या हिशोबाने मानधन महिन्याला १००० रुपये आणि तेही वर्षातले १० महिनेच, त्यात राज्य आपली भर घालतं, आपल्याकडे २०२३ मध्ये ते १५०० चं २५०० केलं. चुलीपुढं चार तास, वर भांडी, आणि हे मानधन तीन-तीन महिने येत नाही तेव्हा त्या बाईला तोंड कसं दाखवायचं हा प्रश्न मला दर वर्षी पडतो. आपल्या हातात एवढंच की त्यांची हजेरी महिन्याच्या शेवटच्या दिवशी पाठवायची, बँक खातं आधारला जोडलंय का, नाव आधारवर आणि पासबुकावर सारखं आहे का ते आधीच बघायचं. सुनिता आणि सुनीता एवढ्यावरून आमच्या एका ताईंचं पाच महिने अडकलं होतं.

नेमणूक शाळा व्यवस्थापन समितीने करायची, बचत गटाकडे असेल तर गटाशी करार. विधवा, गरजू, शाळेत ज्यांची मुलं आहेत अशांना आधी घ्या. आणि सुप्रीम कोर्टाचा एप्रिल २००४ चा आदेश आहे की स्वयंपाकी-मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्यायचं. गावात यावरून कुणी डबा घरून पाठवायला लागलं तर गप्प बसायचं नाही, समितीची बैठक लावायची, इतिवृत्तात लिहायचं, आणि स्वतः त्या पंगतीला बसायचं. ताईंची आरोग्य तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्या, कागद फाईलला. नखं, एप्रन, टोपी हे बोलताना हसू येतं पण तपासणीत पहिलं तेच बघतात.

मेनूचं थोडक्यात. जून २०२४ च्या जीआरने १५ पदार्थ आणले, भात-पुलावाचे प्रकार, मोड आलेली कडधान्यं, खीर, नाचणी सत्त्व, मग जानेवारी २०२५ मध्ये तो सुधारून १२ दिवसांचा केला, आणि अंडा पुलाव, गोड खिचडी, नाचणी सत्त्व हे ऐच्छिक ठरवून त्याला सरकारी पैसे नाहीत, साखर-अंडी लोकसहभागातून जमवा असं सांगितलं. त्याआधी नोव्हेंबर २०२३ पासून आठवड्यात एक अंडं किंवा केळं ५ रुपये धरून मिळत होतं, ते बंद झालं. अंड्याच्या दिवशी आमच्या शाळेची हजेरी दिसण्यासारखी वाढायची, हे कुठल्याही अहवालाशिवाय मला माहीत आहे, मीच तर हजेरी घ्यायचो. आता लोकसहभागच करायचा तर वाढदिवसाच्या केकऐवजी अंडी, केळी द्या असं पालकांच्या ग्रुपवर टाका, स्नेहभोजन म्हणून त्याची नोंद करता येते. पण बाहेर शिजवून आणलेलं, आदल्या रात्रीच्या जेवणावळीतलं उरलेलं चुकूनही घेऊ नका, कितीही मोठ्या घरचं असलं तरी.

मोडाचं एक गणित सांगतो जे कुठल्या जीआरमध्ये नाही. मटकीची उसळ सोमवारी लावली तर मोड आणणार कधी, रविवारी शाळेला कुलूप. म्हणून मोडाचा वार बुधवार किंवा गुरुवार धरायचा, सोमवारी दुपारी जाताना भिजत घालायची, मंगळवारी सकाळी उपसून ओल्या फडक्यात गच्च बांधून टांगायची, बुधवारी छान बोटभर मोड. उन्हाळ्यात फडक्यावर दुपारी एकदा पाणी शिंपडायचं नाहीतर आंबूस वास येतो. थंडीत पुरचुंडी तांदळाच्या पोत्यात खुपसून ठेवायची. वार बदलायचा असेल तर समितीत ठराव करून ठेवा म्हणजे कुणी विचारलं की दाखवता येतं.

पावत्या आणि अडचणीचे दिवस

भाजीवाली पावती देत नाही, आठवडे बाजारात तर नाहीच. शाळेच्या नावाची हातपावती पुस्तक करून घ्या, त्यावर तारीख, भाजी, वजन, दर, रक्कम आणि विकणाऱ्याची सही किंवा अंगठा, मागे समितीतल्या एकाची सही. पैसे शक्यतो ऑनलाईन द्या, रोख असेल तर त्याच दिवशी कॅशबुकात. गॅसची पावती मात्र एजन्सीचीच पाहिजे. निधी आता पीएफएमएस या सरकारी ऑनलाईन पेमेंट यंत्रणेतून येतो, मेकर-चेकर (एकाने बिल भरायचं, दुसऱ्याने मंजूर करायचं) लॉगिन तुमच्याकडे दिलं असेल तर दोन्ही पासवर्ड एकाच माणसाने वापरायचे नाहीत, सोयीचं वाटतं पण अडचणीचं आहे.

पैसे वेळेवर येत नाहीत हे मी सांगायला नको. मग गुरुजी खिशातून घालतात, दोन महिने, तीन महिने, आणि कुठंही लिहीत नाहीत. असं करू नका. २०१५ च्या नियमात स्पष्ट आहे की आहाराचा निधी संपला तर मुख्याध्यापक शाळेकडचा दुसरा कुठलाही निधी तात्पुरता वापरून जेवण चालू ठेवू शकतात, आणि आहाराचे पैसे आले की तो परत भरायचा. समितीचा ठराव घ्या, किती, कुठल्या खात्यातून, कधी परत भरणार, आणि तालुक्याला एक पत्र टाका. त्यातूनही खिशातले घातलेच तर ते शाळेला उसने दिलेत अशी कॅशबुकात नोंद पाहिजे, नाहीतर परत मिळायचा कागदी आधारच राहत नाही.

आणि धान्य नाही, पैसे नाहीत, गॅस संपला, ताई आल्या नाहीत, यातल्या कुठल्याही कारणाने जेवण झालं नाही तर त्या दिवसाचं धान्य आणि खर्चाची रक्कम मुलांना अन्न सुरक्षा भत्ता म्हणून पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत द्यायची जबाबदारी राज्याची आहे. सलग तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस जेवण बंद राहिलं तर कुणामुळे ते ठरवायचं असंही नियमात आहे. म्हणून पहिल्याच दिवशी लेखी कळवा, व्हॉट्सॲप नाही, जावक नंबर टाकून पत्र, किंवा निदान ईमेल. तांदूळ दहा दिवसांचा उरला की मागणी करा, संपल्यावर नाही. तिसऱ्या दिवशी बोट कुणाकडे जाईल हे त्या जावक नंबरावर ठरतं.

भांड्यांचं बऱ्याच जणांना माहीतच नसतं. पट ५० पर्यंत १० हजार, ५१ ते १५० ला १५ हजार, २५० पर्यंत २० हजार, त्यावर २५ हजार असा निकष आहे, आणि पाच वर्षांनी बदलून मागता येतात. पातेल्याला ठिगळ लावलेलं असेल तर जुनी मंजुरी कधीची ते शोधा आणि मागणी टाका. किचनशेडचं माप १०० मुलांपर्यंत २० चौरस मीटर आणि पुढे प्रत्येक शंभरापर्यंत ४ वाढीव. वर्गखोलीत किंवा व्हरांड्यात शिजत असेल तर ते लपवू नका, यूडायसमध्ये आणि पत्रात दोन्हीकडे किचनशेड नाही असंच लिहा, आहे म्हणून लिहिलं की मिळायचं कायमचं बंद.

पोरांना उलट्या, पोटदुखी असं काही झालं तर आधी वाढणं थांबवा, १०८ ला फोन, आरोग्य केंद्राला फोन, मग पालक, मग बीईओ (गटशिक्षणाधिकारी). क्रम हाच. उरलेलं अन्न फेकू नका, भांडी धुवू देऊ नका, तो २४ तासांचा डबा आणि चव रजिस्टर कपाटात ठेवून कुलूप लावा, कुणी आलं की सही घेऊनच द्या. फोटो काढायला गर्दी होईल, पोरांना वर्गात बसवा आणि कोण किती जेवलं, कुणाला काय होतंय त्याची यादी एका शिक्षकाला करायला लावा, डॉक्टर पहिली तीच मागतात.

सोशल ऑडिटवाले येतील, घाबरायचं काही नाही, ते पालकांशी, पोरांशी बोलतात, रजिस्टर बघतात. रिकाम्या बारदानाचा हिशोब तेवढा ठेवा, एवढं सगळं सरळ करून माणसं त्या पोत्यांवर अडकतात. आमच्याकडे दोन पोती ताईंनी पायपुसणं म्हणून घातली होती, ती पण लिहिली आहेत.

बाकी काही अडलं तर फोन करा, पण दुपारी साडेबारा ते दीड नको, वाढायची वेळ असते. आणि या आठवड्यात तुमच्याकडे माल उतरणार असेल तर तो इलेक्ट्रॉनिक काटा आत्ताच चार्जिंगला लावा, ट्रक येतो तेव्हा लाईट नसते.